निळ्या ताडपत्रीचे बेट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य सांगलीच्या बाजारपेठेत कापडाचे तागे, मीटरपट्टी आणि उधारीची वही यांच्या संगतीत गेले. 'प्रवासातील एखादा अनुभव सांगा' असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा डोळ्यांसमोर एकच प्रवास उभा राहिला. तो प्रवास पर्यटनाचा नव्हता. खरे सांगायचे तर तो वसुलीचा होता, आणि म्हणूनच त्याविषयी बोलताना आजही थोडा संकोच वाटतो.

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य कडेला एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ८७ चौरस किलोमीटर. आपल्याकडील एखाद्या तालुक्याचा कोपराही त्याहून मोठा भरेल. एवढ्याशा भूमीवर दोन राजवटी नांदतात. उत्तरेचा भाग फ्रान्सचा, त्याला सेंट मार्टिन म्हणतात. दक्षिणेचा भाग सिंट मार्टेन, हा नेदरलँड्सच्या राज्यातील स्वायत्त घटक देश. १६४८ साली दोघांनी करार करून बेट वाटून घेतले. सीमेवर ना कुंपण, ना पहारा. रस्त्याकडेला स्मारकस्तंभ उभा आहे, एवढेच. डच लोक येथे प्रथम आले ते मिठासाठी. दक्षिणेकडील राजधानी फिलिप्सबर्ग ही समुद्र आणि मिठाचे मोठे तळे यांमधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसली आहे. मिठाचा व्यवसाय संपला आणि पुढे बेट जगू लागले ते पर्यटकांवर. मोठमोठी जहाजे धक्क्याला लागतात, प्रवासी उतरतात, करमुक्त बाजारपेठेत खरेदी करतात आणि संध्याकाळी निघून जातात.

या बाजारपेठेत हिंडताना आपल्याला परके वाटत नाही, कारण तेथील अनेक दुकाने आपल्या सिंधी बांधवांची आहेत. अशाच एका दुकानदारांना मुंबईच्या निर्यातदारामार्फत मी काही वर्षे माल पाठवीत होतो. समुद्रकिनाऱ्यावर कमरेला गुंडाळायचे छापील सुती कापड, पंचे, ओढण्या असा तो माल. वयाने ते माझ्याहून वडील. सिंधी रीतीप्रमाणे मी त्यांना 'दादा' म्हणत असे. व्यवहार चोख होता. मुदत उलटून आठवडाही कधी गेला नाही. आणि मग ६ सप्टेंबर २०१७ हा दिवस उजाडला.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास 'इर्मा' नावाच्या चक्रीवादळाचा डोळा थेट या बेटावरून गेला. वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास होता. या आकड्याचा अर्थ मला नंतर उमगला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, आणि तेवढ्यातही नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या आपण पाहिल्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग अडीचपट, तर मारा सहापट! शिवाय वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकाएकी थांबतो. सुटलो असे वाटून माणसे बाहेर डोकावतात, आणि काही वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येऊन आदळतो. पहिल्या माऱ्यात सैल झालेले सारे काही दुसऱ्या माऱ्यात उडून जाते.

दादांशी संपर्क तुटला तो तीन आठवडे. पुढे एकदा फोन लागला, पण हिशेबाचा विषय काढण्याचे धाडस मला झाले नाही. माझी सुमारे साडेनऊ लाखांची रक्कम तिकडे अडकली होती. माझ्यासारख्या मध्यम व्यापाऱ्याला ही रक्कम लहान नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो. तेथून त्या बेटाला थेट विमान आहे. लेक म्हणाली, "अण्णा, एवढ्या लांब आलाच आहात, तर प्रत्यक्ष भेटून या." मी वहीची प्रत पिशवीत घातली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये एकटाच निघालो.

विमान समुद्रावरून इतके खाली येते की किनाऱ्यावरच्या माणसांचे चेहरे दिसावेत. विमानतळाची इमारत मात्र निकामी झालेली होती. प्रवाशांची सोय मोठ्या तंबूवजा मंडपांत केली होती, आपल्याकडे लग्नाला घालतात तसे. गाडीतून जाताना मला दोन गोष्टी दिसल्या. खाडीसारख्या मोठ्या सरोवरात सुरक्षित म्हणून आणून बांधलेल्या शिडाच्या नौका एकमेकींवर आपटून फुटल्या होत्या. काहींच्या नुसत्या डोलकाठ्या पाण्याबाहेर होत्या. आणि डोंगरउतारावर जिकडे पाहावे तिकडे निळ्या रंगाची ठिगळे होती. कापडवाल्याची नजर, मला प्रथम वाटले, धुणे वाळत घातले आहे. जवळ गेल्यावर कळले, त्या घरांवर टाकलेल्या ताडपत्र्या होत्या. वादळाला पाच महिने उलटले होते आणि छपरे अजून आली नव्हती.

बाजारपेठेत मात्र वेगळेच दृश्य होते. डिसेंबरपासून जहाजे पुन्हा येऊ लागली होती. जहाज नसेल तर पोट नाही, म्हणून धक्का आणि त्याजवळचा बाजार आधी सावरला होता. दर्शनी भागाला नवा रंग, काचा नव्या. दोन रस्ते मागे गेले की मिठाच्या तळ्यातल्या बेटवजा जागेवर कचऱ्याचा डोंगर. त्यात वादळाचा सारा ढिगारा येऊन पडलेला आणि त्यातून धूर निघत असलेला. जहाजातून उतरलेला प्रवासी हे न पाहता परत जाई आणि 'बेट सावरले' असे सांगत असे.

दादांनी मला मिठीच मारली. दुकान अर्धेच भरले होते. वादळाने दरवाजे मोडले, आणि वादळ शमल्यानंतरच्या लुटालुटीत उरलेला माल गेला. त्या दिवसांत फिलिप्सबर्गमध्ये अनेक दुकाने लुटली गेली, पुढे डच नौसैनिकांना रस्त्यांवर गस्त घालावी लागली. मी विचारले, "दादा, लुटणाऱ्यांचा राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो. रोज येतो. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, एक माणूस घड्याळे नेत होता आणि त्याच्या शेजारचा मुलांसाठी पाणी आणि दूध नेत होता. दोघांना एकाच नावाने हाक मारणे मला जमत नाही." विमा होता, परंतु मालाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी रकमेचा, आणि तो मिळण्याचीही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानातील एका विक्रेत्या बाईंच्या घरी आम्ही गेलो. त्या मूळच्या गयाना देशाच्या, बेटावर कामासाठी येऊन स्थायिक झालेल्या. घर डोंगरउतारावर, वर निळी ताडपत्री. त्या बाईंनी मला त्या घराचे जे अर्थशास्त्र समजावले, ते मला कॉलेजात कोणी शिकविले नव्हते. या बेटावर नदी नाही. नळाचे पाणी समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून करतात, ते महाग पडते. म्हणून पुष्कळ घरांत छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळीने खालच्या टाकीत साठवितात. छप्पर गेले, म्हणजे केवळ सावली गेली नाही, पाणीही गेले. पाणी विकत घ्यायचे तर पगार हवा. पगार हवा तर दुकान उघडायला हवे. दुकान उघडायचे तर जहाज यायला हवे. आणि जहाज आले तरी पहिली कमाई पाण्यात जाते, छपरापर्यंत पोहोचतच नाही. पत्रे आणि लाकूड, सारे बाहेरून बोटीने यायचे. पुन्हा जुन्या पद्धतीने छप्पर घातले तर पुढच्या वादळात तेच होणार. भिंतीतून वर आणलेल्या लोखंडी पट्ट्यांनी वासे जखडायला हवेत, कारण वादळी वारा छप्पर दाबत नाही, वर उचलतो. तेवढा खर्च कोठून करायचा?

"मग तुमचे चालले कसे?" मी विचारले. त्यांनी दादांकडे पाहिले आणि त्या गप्प राहिल्या. परतताना दादांनी ओशाळून सांगितले, दुकान बंद असलेले तीन महिने त्यांनी सहाही नोकरांना निम्मा पगार चालू ठेवला होता. माझ्या मनात चटकन आले, ते मी आज येथे कबूल करतो: 'हा पगार माझ्या पैशांतून गेला!' हिशेबाने ते खोटे नव्हते.

त्या बाईंनी आम्हाला जेवू घातले होते. मी शाकाहारी, हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात भात शिजविला, आणि त्यात घातले होते तुरीचे दाणे. आपली तूर त्या बेटांवरही पिकते आणि भाताबरोबर शिजते. विकतच्या पाण्यात शिजविलेला तो भात होता. रात्री वही उघडली, पण साडेनऊ लाखांच्या आकड्याकडे पूर्वीसारखे पाहता येईना.

मी उदारपणे रक्कम सोडून दिली, असे समजू नका. तेवढी माझी ऐपत नव्हती आणि मोठेपणही नव्हते. सकाळी आम्ही दोघे बसलो आणि सहा सहामाही हप्ते ठरविले, बिनव्याजी. दादांचे डोळे भरून आले, पण त्यांनी एकच अट घातली: "हप्ता एखादवेळी चुकेल. पगार चुकवायला सांगू नका."

नेदरलँड्सने या बेटाच्या उभारणीसाठी ५५ कोटी युरोपर्यंतचा निधी जाहीर केला होता. त्यातील मोठा भाग जागतिक बँकेच्या देखरेखीखाली खर्च करायचा ठरला. त्यासाठीचा विश्वस्त निधी उभा राहिला तो एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे वादळानंतर सात महिन्यांनी. विमानतळाची इमारत पूर्ण व्हायला तर २०२४ साल उजाडले. मी कोणाला दोष देत नाही. सरकारी पैशाला हिशेब हवा, तपासणी हवी, करार हवेत. परंतु जाहीर झालेला पैसा आणि छपरावरचा पत्रा यांच्यामध्ये जे महिने जातात, ते कोणाच्या आधारावर काढायचे? त्या बेटावर ते निघाले शेजाऱ्यांच्या, नातलगांच्या आणि निम्म्या पगाराच्या आधारावर.

ही गोष्ट येथेच संपली असती, तर मी ती सांगितलीही नसती. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली. आपल्यापैकी अनेकांनी ते भोगले आहे. माझ्या दुकानात पुरुषभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर चार दिवस मी चिखलातले तागे मोजीत होतो. किती वाचले, किती गेले. पाचव्या दिवशी दादांचा फोन आला. मला वाटले, हप्त्याविषयी असेल. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्या माणसांच्या घरांचे काय झाले?"

बंधु-भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. बावीस वर्षे माझ्याकडे काम करणारे गृहस्थ त्या चारही दिवशी माझ्याबरोबर चिखल उपशीत होते, आणि त्यांच्या घराची भिंत पडली आहे, कुटुंब शाळेच्या वर्गात झोपते आहे, हे मी त्यांना विचारलेच नव्हते. ते बेट मी पाहिले होते, त्या बाईंच्या घरचा भात मी खाल्ला होता, आणि तरीही विचारले नव्हते. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. भिंत पुढे उभी राहिली, हप्तेही पुढे पूर्ण फिटले. परंतु ते चार दिवस माझ्या खात्यावर नावे पडले आहेत, आणि ते जमेला येण्याची सोय नाही.

पुराच्या काळात आपल्या गावात जुन्या कपड्यांचे ढीग आले, हे आपणांस आठवत असेल. मी कापडवाला असून सांगतो, आपत्तीत कापडाची टंचाई क्वचितच असते. टंचाई असते ती छप्पर, पाणी आणि पगार यांच्यामधल्या महिन्यांना पुरेल अशा आधाराची. आपल्या संस्थेने पुढच्या पन्नास वर्षांत मदतीचा हात पुढे केला, तर प्रथम दुकान उघडले का हे न विचारता त्या दुकानात काम करणाऱ्याच्या छपराकडे पाहावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.