साथ, सल्ला आणि विश्वास



साथीच्या काळात सल्ला योग्य असणे पुरेसे नसते. तो लोकांना आपला वाटावा लागतो. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. रोग्यास वेगळे ठेवणे, घर निर्जंतुक करणे हे उपाय अनाठायी नव्हते. परंतु ते राबविण्यासाठी गोरे सोल्जर देवघरापर्यंत शिरले आणि लोक रोगीच लपवू लागले. तळवड्यापासून जवळच असलेल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करताना १० मार्च रोजी देह ठेवला. अधिकार आणि आपुलकी यांतील अंतर पुण्याने एकाच वर्षी पाहिले.

त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी घेतला गेला. तळवड्यासारख्या कारखानदारीच्या भागात एका खोलीत चार-पाच कामगार राहतात. ‘अंतर राखा’ हे त्यांना पटले, तरी पाळावे कसे?

२०२२ च्या गुढीपाडव्यापासून राज्यातील निर्बंध उठले, मुखपट्टी ऐच्छिक झाली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र राहिला. आता दंडाचा धाक नाही, उरला आहे तो विवेक. ताप-खोकला असलेल्याने घरी थांबावे, हे खरेच; पण त्याची रोजी बुडणार नाही, हे पाहणे मालकाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. पाळण्याची सोय करून दिलेला सल्लाच पाळला जातो.