मोटार सुरू करण्यापूर्वी माती पाहा
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



या देवकार्यास कोणी पैसा दिला, कोणी धान्य दिले, कोणी अंगमेहनत केली. त्या सर्वांना प्रथम वंदन करतो. मी तहसील कचेरीतील साधा कारकून. अध्यात्मावर बोलण्यास महाराज मंडळी येथे आहेत. समितीने मला ओलिताच्या पाण्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेवढीच पाळतो.

संत गजानन महाराजांनी अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आणले, ही कथा आपण पारायणात वाचतो. भास्कर पाटलाने तहानलेल्याला पाणी नाकारले होते, हेही त्याच कथेत आहे. आज आपल्या विहिरी मार्गशीर्षात भरलेल्या असतात आणि चैत्रात तळ दाखवतात. मग टँकरची मागणी व विहीर अधिग्रहणाचे प्रस्ताव कचेरीत येतात. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा हे प्रकल्प जिल्ह्यात आहेत. पण ज्या शिवारात कालवा नाही, त्याला विहिरीचाच आधार. ओलिताचे आणि पिण्याचे पाणी एकाच भूगर्भातून येते, हे विसरून चालणार नाही.

आता मातीचा विचार करू. मातीत कण असतात आणि कणांमध्ये पोकळ्या असतात. मोठा पाऊस झाला की सर्व पोकळ्या पाण्याने भरतात व मुळांना हवा मिळत नाही. पुढे मोठ्या पोकळ्यांतील पाणी खाली उतरते आणि बारीक पोकळ्यांतील तेवढे टिकून राहते. यालाच आपले वाडवडील वाफसा म्हणत. त्यानंतर मुळे ओल शोषत जातात. शेवटी उरलेली ओल मातीचे कण इतकी घट्ट धरतात की मुळांना ती ओढता येत नाही आणि झाड सुकते. या दोन मर्यादांमधील पाणी, तेच पिकाच्या कामाचे. भारी काळ्या मातीत हा साठा मोठा असतो, मुरमाड रानात लहान. म्हणून काळ्या रानाला पाण्याची पाळी लांबवावी. मुरमाड रानाला थोडे थोडे, पण लवकर द्यावे.

साठा भरल्यावर दिलेले पाणी मुळांच्या खाली जाते आणि विकत घेतलेले खतही सोबत नेते. भारी रानात ते खाली न जाता साचते व जमीन चिबडते. घाटाखाली पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर खाऱ्या पाण्याचे जादा ओलीत म्हणजे जमिनीत मीठ कालवणेच होय.

थोडा हिशेब करू. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 1 लाख लिटर. मोटारीच्या पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम धरा. तो 20 सेकंदांत भरला तर तासाला 36,000 लिटर पाणी पडते. म्हणजे एकराला एक इंच देण्यास पावणेतीन ते तीन तास लागतात. रात्रीची वीज आली, ऑटो स्टार्टरने मोटार लागली आणि आपण झोपेत असताना आठ तास चालली, तर एका एकरात जवळजवळ तीन इंच पाणी गेले. तेवढ्याची गरज होती काय, हे कोणी पाहिले? भारी जमिनीत हरभऱ्याला साधारण 30 ते 35 आणि 60 ते 65 दिवसांनी अशी दोन पाणी पुरतात. जादा पाण्याने झाड माजते आणि घाटे कमी धरते.

मोट होती तेव्हा बैल थकत, म्हणून पाणी जपून वापरले जाई. मोटार थकत नाही. स्प्रिंकलरने पाणी सारखे पडते, परंतु भर दुपारी वाऱ्यात चालवल्यास बरेचसे उडून जाते. ठिबकने पाणी मुळाशी जाते, परंतु फिल्टर धुतला नाही व नळ्यांची टोके उघडून घाण काढली नाही तर छिद्रे बुजतात. हे संच अवश्य घ्यावेत. अनुदानाची माहिती तालुका कृषी कार्यालयात मिळते. पण संच पाणी पोहोचवतो, किती द्यावे हे तो सांगत नाही. ते माती सांगते.

त्यासाठी खर्च नाही. मुळांजवळ फूटभर खोल खणा व मूठभर माती दाबा. गोळा घट्ट झाला आणि हाताला ओल लागली तर मोटार लावू नका. गोळा दाबताच फुटला तर पाण्याची वेळ झाली. वरची भेग किंवा वरचा कोरडा थर पाहून ठरवू नका. खाली ओल असू शकते.

शेवटी एक विनंती. दर एकादशीला आपण मंदिरात येतोच. त्या दिवशी गावविहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली आहे ते मोजावे व सभामंडपातील फळ्यावर लिहावे. विहीर उतरू लागली की सर्वांना एकाच वेळी दिसेल, आणि कोणी किती उपसा करावा हे गावाला भांडण न करता ठरवता येईल. कळस आपण चढवला. उन्हाळ्यात देवाच्या अभिषेकाला आणि वाटसरूच्या तांब्याला पाणी गावचेच असावे, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरी.