वेष्टनाची वर्गवारी आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व



दुधाची पिशवी धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देण्याची रीत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत अनेक वर्षे चालत आली आहे. त्या पिशवीला भाव मिळतो. त्याच घरात आलेल्या सूपच्या चकचकीत पुडीला मात्र कोणी हात लावीत नाही. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्या, दोन्हींचे वजन काही ग्रॅम. मग एक बाजारात परत जाते आणि दुसरी नाल्यात, असे का?

कारण रचनेत आहे. दुधाची पिशवी पॉलिएथिलीन या एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते; ती वितळवून पुन्हा दाणे करता येतात. सूपच्या पुडीत पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि पॉलिएथिलीन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते ओलावा अडवतात, स्वाद राखतात. पण एकदा चिकटले की सहजासहजी सुटत नाहीत. दुकानात जो गुण, तोच कचऱ्यात दोष ठरतो.

हा भेद कायद्याने मान्य केला आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती करून वेष्टनांचे चार वर्ग पाडले. पहिला वर्ग बाटल्या, डबे यांसारख्या टणक वेष्टनांचा. दुसरा पिशव्या, पाऊच अशा लवचिक वेष्टनांचा. तिसरा बहुस्तरीय वेष्टनांचा, ज्यात किमान एक थर प्लॅस्टिकचा आणि किमान एक अन्य पदार्थाचा असतो. चौथा वर्ग कुजून खत होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व तत्सम वस्तूंचा.

ही वर्गवारी केवळ कारकुनी नाही. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडचा मालक यांनी जेवढे प्लॅस्टिक बाजारात आणले, तेवढ्याची विल्हेवाट लावण्याचे दायित्व २०२३-२४ पासून शंभर टक्के त्यांच्यावर आले आहे. त्यापैकी प्रत्यक्ष पुनर्चक्रीकरण किती व्हावे, हे वर्गावरून ठरते. २०२४-२५ साठी पहिल्या वर्गाला किमान ५० टक्के, तर दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाला ३० टक्के ही मर्यादा आहे. २०२७-२८ पासून ती अनुक्रमे ८० आणि ६० टक्के होते. कंपनीने आपली वेष्टने कोणत्या वर्गात मोडतात हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदवावयाचे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे घ्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची तरतूद अशी की, एका वर्गातील अतिरिक्त प्रमाणपत्र दुसऱ्या वर्गासाठी चालत नाही. ती नसती, तर सर्वांनी सहज विकल्या जाणाऱ्या बाटल्या गोळा केल्या असत्या आणि पुड्यांना कोणीच वाली उरला नसता.

त्रुटी नेमकी कोठे?

हेच तत्त्व दुसऱ्या वर्गाच्या आत मात्र सुटले आहे. या वर्गात एकाच जातीच्या प्लॅस्टिकची पिशवी आहे, तसेच दोन-तीन जातींच्या प्लॅस्टिकचे थर चिकटवलेला पाऊचही आहे. पहिलीला भंगारात मागणी, दुसऱ्याला जवळजवळ नाही. तरीही कागदावर दोन्ही समान. सोप्या पिशव्यांच्या वजनावर अवघड पाऊचचा हिशेब मिटवता येतो. वर्ग वस्तूच्या बनावटीवर पाडले. तिचे पुढे काय होते, हा निकष त्यात आला नाही.

शब्दांना किती वजन असते, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. २०१६ च्या नियमांनी पुनर्चक्रीकरण होऊ न शकणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले होते. मुदत संपली त्याच २०१८ साली दुरुस्ती झाली आणि ‘ज्यापासून ऊर्जा मिळवता येत नाही’ व ‘ज्याचा अन्य उपयोग नाही’ असे पर्याय त्यात जोडले गेले. सिमेंटच्या भट्टीत जळते, एवढे दाखवले की पुडी सुटली, असा अर्थ काढण्यास वाव मिळाला. एका वाक्यातील बदलाने पुडी बाजारात राहिली.

युरोपीय संघाने निराळा मार्ग स्वीकारला आहे. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अंमलात आलेल्या तेथील वेष्टनविषयक कायद्यात पुनर्चक्रीकरणाच्या सुलभतेनुसार ए, बी आणि सी अशा श्रेणी ठरविल्या आहेत. २०३० पासून ७० टक्क्यांहून कमी गुण असलेल्या वेष्टनाला बाजार बंद होणार आहे आणि २०३८ पासून सी श्रेणीलाही. परदेशाचे अंधानुकरण नको, हे खरे. परंतु ‘काय बनवले’ याऐवजी ‘पुढे त्याचे काय होणार’ हा प्रश्न आधी विचारण्यात परकेपणा कसला? दुधाची पिशवी वाळत घालणारी गृहिणी तो रोजच सोडवीत आली आहे.

प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष

वर्गवारी कितीही नेमकी असली, तरी ती अखेर प्रामाणिकपणावरच उभी राहते. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. न झालेल्या पुनर्चक्रीकरणाची पावती फाडली गेली आणि कचरा जागच्या जागी राहिला. नियमभंग करणाऱ्यावर पर्यावरणीय भरपाईचा बोजा पडतो. ती भरल्याने मूळ दायित्व संपत नाही, ते पुढे तीन वर्षे डोक्यावर राहते, ही तरतूद म्हणूनच मोलाची आहे. मात्र ती कठोरपणे वापरली गेली, तरच तिला अर्थ.

प्लॅस्टिकची खरी पारख असते ती कचरा वेचणाऱ्या हातांना. पुण्यात २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या भगिनी घरोघरचा कचरा उचलतात. काय विकले जाते आणि काय नाही, हे त्यांना तराजूवर कळते. पुडीला भाव नसल्याने तिचा भार त्यांनी फुकट वाहावयाचा आणि तिचा नफा दुसऱ्याने घ्यावयाचा, हा न्याय नव्हे. उत्पादकाच्या पैशांतून पुडीलाही किलोमागे मोल मिळाले, तर ती नाल्यात जाणार नाही.

१ जुलै २०२२ पासून काही एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, तेव्हा सर्वांचे लक्ष चमच्यांकडे आणि पेल्यांकडे गेले. पुडीकडे मात्र फारसे गेले नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात तुंबलेली गटारे ज्या महाराष्ट्राने पाहिली, त्याला तरी हे दुर्लक्ष परवडणारे नाही. ग्राहकाने वेष्टनाच्या मागची बाजूही वाचावी, एकाच जातीच्या प्लॅस्टिकमधील माल आग्रहाने मागावा आणि ओला-सुका कचरा वेगळा करावा. घराने आपला वाटा उचलला, की उत्पादकाला त्याचा वाटा उचलण्यास सांगण्याचा अधिकार आपोआप येतो.