काम सोडून गेलेल्याचं खातं

हळदीचा हंगाम आला की हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात काय, वसमतच्या मोंढ्यात काय, आडतीवरचा कॉम्प्युटर रात्री उशिरापर्यंत चालू असतो. विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या करायला हंगामापुरती पोरं ठेवलेली असतात. हंगाम सरतो, पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला निघून जातात, आणि कॉम्प्युटर सुरू केला की त्यांची नावं पडद्यावर तशीच दिसत राहतात. शाळेत, पतसंस्थेत, सेवा केंद्रात वेगळं चित्र नाही. ही खाती कमांड टाइप करून कशी काढायची, ते आज सांगतो.

राहू द्या की पडून, असं कुणी म्हणेल. मे २०२१मध्ये अमेरिकेत टेक्सासपासून न्यूजर्सीपर्यंत इंधन नेणारी कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद पडली. खंडणीखोर आत शिरले होते ते वापरात नसलेल्या, पण कुणी बंदही न केलेल्या एका खात्यातून. कंपनीनं ७५ बिटकॉइन मोजले, त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर. आपल्या आडतीत एवढं घबाड नाही, कबूल. पण शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि आधारच्या प्रती तर असतात!

आता पेन घ्या. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहा, वर येईल त्यावर राइट क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल. तिथं इंग्रजीत नेट, मग एक जागा सोडून युजर, आणि एंटर. सगळ्या खात्यांची यादी येते. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर, गेस्ट, डिफॉल्ट अकाउंट आणि डब्ल्यूडीएजीपासून सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसेल. ती विंडोजची स्वतःची खाती, त्यांना हात लावू नका. उरलेल्यांत गेलेल्या माणसाचं नाव शोधा. ‘नेट युजर’च्या पुढं ते नाव लिहून एंटर दाबलं की बरीच माहिती येते. तिच्यात ‘लास्ट लॉगऑन’ ही ओळ जरूर वाचा. माणूस दिवाळीला गेला आणि तारीख गेल्या आठवड्याची असेल, तर खातं काढण्याआधी कोण बसत होतं याची चौकशी करा.

लगेच काढूही नका. आधी बंद करा: नेट युजर, नाव, मग जागा सोडून स्लॅश ॲक्टिव्ह, कोलन, नो. स्लॅशपासून पुढचं सगळं जोडून. काही दिवस जाऊ द्या. कुणाची फाइल अडली, त्या खात्यावर लावलेला बॅकअप थांबला, तर ‘नो’च्या जागी ‘येस’ लिहिलं की खातं पुन्हा चालू. कुणाचं काही अडलं नाही तरच शेवटची कमांड: नेट युजर, नाव, स्लॅश डिलीट. ही कमांड ‘नक्की का?’ असं विचारत नाही. एंटर दाबला की खातं गेलं. त्याच नावाचं नवं खातं उघडलं तरी विंडोजच्या लेखी तो दुसरा माणूस असतो. जुन्याचे अधिकार त्याला मिळत नाहीत.

मग माऊसनं सेटिंग्जमधून का काढायचं नाही? तिथलं बटण खात्याबरोबर त्या माणसाच्या डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फायलीही पुसतं. कमांड फक्त खातं काढते. सी ड्राइव्हच्या युजर्समधलं त्याचं फोल्डर जागेवर राहतं, हंगामाच्या पट्ट्या त्यातून नंतरही काढून घेता येतात. कमांडची बाजू मी घेतो ती एवढ्यासाठीच.

कॉलेजच्या पोरांसाठी थोडं लिनक्सचं. आपल्या औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे, आणि असल्या संशोधनाचे मोठे संगणक लिनक्सवरच चालतात. तिथं ‘युजरडेल’ ही कमांड. नुसती दिली तर घरचं फोल्डर राहतं, पुढं ‘डॅश आर’ लावला तर तेही जातं. खरी गंमत पुढं आहे. लिनक्स फायलीवर मालकाचं नाव नव्हे, क्रमांक लिहून ठेवतो. शेवटी उघडलेलं खातं काढलं, तर पुढच्या नव्या खात्याला बहुधा तोच क्रमांक मिळतो, आणि इकडंतिकडं राहिलेल्या जुन्या फायली अलगद नव्या पोराच्या नावावर चढतात. म्हणून आधी ‘फाइंड’ कमांडनं त्या क्रमांकाच्या फायली शोधा. आणि नुसता पासवर्ड बंद करून भागत नाही, दुरून लॉगिन करायची एसएसएच किल्ली ठेवलेली असेल तर माणूस तरीही आत येतो. खात्याची मुदतच संपवा.

जिथं सगळे एकाच ‘ॲडमिन’ नावानं बसतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, तिथं यातलं काहीच चालणार नाही. काढायला वेगळं खातंच नसतं. त्यांनी आज आधी पासवर्ड बदलावा आणि प्रत्येकाला आपापलं खातं द्यावं. सरकारी पोर्टलची लॉगिनं, टॅलीतली नावं हीही वेगळी, ती त्या-त्या ठिकाणीच बंद करावी लागतात.

साफसफाईच्या भरात कोण कधी आत आला याच्या नोंदी, म्हणजे लॉग, मात्र पुसू नका. सरकारी कार्यालयांनी आणि कंपन्यांनी त्या १८० दिवस जपून ठेवाव्यात, असा केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२चा आदेश आहे.