मुरमाची वाट

(आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी सायंआरतीनंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, गायक बोलतात. यंदा कार्यकारिणीनं माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या उपयंत्र्याला उभं केलं, त्याला कारण माझी सायकल. "रविवारी पहाटे हे कुठे जातात आणि दुपारी धुळीनं माखून का येतात?" असं आपल्यापैकी पुष्कळांनी आमच्या सौभाग्यवतींना विचारलेलं आहे. ती सांगते, "रस्ते मोजायला." उत्तर अगदीच खोटं नाही. आठवडाभर मी सरकारी पगारावर रस्ते मोजतो, रविवारी स्वखर्चानं.

आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. महूच्या पुढे दक्षिणेकडे जाऊ लागलं की पठार हळूहळू वर चढतं. मोटारीत बसलेल्याला ते कळत नाही, सायकलवाल्याच्या मांड्यांना बरोबर कळतं. जानापावची टेकडी ८५४ मीटर उंच. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून आपण तिथे जातो, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा असते. तिथेच चंबळ उगम पावते. आणि त्याच भागात पठार एकाएकी संपतं. समोर खोल दरी, खाली निमाड, हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेच्या खोऱ्याची पट्टी. या कडेवर मला गंमत वाटते ती पाण्याची. धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला, पुढे गंगेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेला पडलेला नर्मदेतून अरबी समुद्रात. मी पाण्याची बाटली रिकामी करतो ती कुठल्या बाजूला, यावर ते पाणी कुठल्या समुद्रात जायचं ते ठरतं.

याच कडेवर जाम दरवाजा आहे, अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा. महेश्वर खाली, इंदूर वर, आणि मध्ये हा घाट. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज अशाच घाटांनी माळव्यात चढून आले असतील. आज तिथे डांबरी रस्ता आहे आणि पावसाळ्यातल्या रविवारी मोटारींची इतकी गर्दी की दरवाजापेक्षा बोनेटच जास्त दिसतात. मी बोलणार आहे ते त्या रस्त्याबद्दल नाही. त्याच्या आजूबाजूला, पठाराच्या काठाकाठानं, एका फलियातून दुसऱ्या फलियात जाणाऱ्या गाडीवाटा आहेत, त्यांच्याबद्दल. फलिया म्हणजे भिल्ल वस्तीचा एक पुंजका, पाच-पंचवीस घरांचा.

अशा वाटांवर चालवायच्या सायकलीला हल्ली ग्रॅव्हल बाईक म्हणतात. मुलांना माहीत असेल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास. शर्यतीच्या टायरात शंभर पाउंड हवा भरतात, मी पस्तीस ते चाळीस भरतो. त्यामुळे टायर खड्यावर आपटून उडत नाही, खड्याला सांभाळून घेतं. टायरच्या आत दुधासारखं एक द्रव्य घातलेलं असतं, बाभळीचा काटा घुसला की ते छिद्रात गोठतं. माझी सायकल सेकंडहँड आहे, किंमत विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

चालवण्याची रीतही थोडी वेगळी. सैल खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल घट्ट आवळायचं नाही, मूठ सैल ठेवायची, वजन मागे न्यायचं आणि नजर चाकाजवळ न ठेवता वीस पावलं पुढे ठेवायची. पहिले सहा महिने मी दर रविवारी कोपर सोलून घरी येत असे. आपण मराठीत 'चाकोरी' म्हणतो ना, ती मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नीट समजली. बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल रेघा. त्यात सायकलचं चाक एकदा पडलं की सहजी बाहेर येत नाही. मधल्या उंचवट्यावरून जावं तर गवतात दगड लपलेले. भाषणात 'चाकोरीबाहेर पडा' म्हणणाऱ्यांनी एकदा पडून दाखवावं.

पण एवढा त्रास कशासाठी? तर दोन-अडीच तासांत एकही हॉर्न ऐकू येत नाही म्हणून. नोव्हेंबरच्या सकाळी सागाची पानं खडखडतात, टायरखाली मुरूम चुरचुरतो, कुठेतरी बकऱ्यांच्या गळ्यातली घंटा वाजते. मागून काही येतंय का म्हणून मान वळवावी लागत नाही. इंदुरात सायकल चालवणाऱ्याला त्याचं मोल सांगायला नको. ताशी बारा-चौदा किलोमीटर वेग, म्हणजे भेटणाऱ्या प्रत्येकाला रामराम करण्याइतका. आणि करावाच लागतो. गुरं समोरून आली तर उतरून बाजूला उभं राहायचं, वाट त्यांची आहे.

आता खात्यातला माणूस म्हणून थोडं सांगतो. खडी, त्यावर बारीक चुरा, त्यावर मुरूम, भरपूर पाणी आणि रोलर, अशा रस्त्याला आम्ही वॉटर बाउंड मॅकॅडम म्हणतो. मॅकॅडम हे माणसाचं नाव, जॉन मॅकॅडम, स्कॉटलंडचा. दगड ठरावीक मापाचे बारीक फोडून घट्ट दाबले तर त्यावरून गाडी जाते आणि पाणी बाजूला निघून जातं, हे त्यानं दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव अशा रस्त्याला मानवते. ती खडी थोडी चेचते, चुरा होतो, तो चुरा फटीत बसतो. मोटारीचं रबरी चाक वेगानं गेलं की उलटं करतं, फटीतला चुरा ओढून हवेत उडवतं. चुरा गेला की खडी सुटते. म्हणून मोटार आल्यावर डांबर आलं. मुरमाचा रस्ता हा मुळातच सावकाश जाणाऱ्यांचा रस्ता, वेग वाढला की तो उखडतो.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे भाषण कबूल केलं, ती सांगतो.

त्या कडेला माझी सर्वांत आवडती वाट आहे, सात किलोमीटरची. गावाचं नाव सांगत नाही. तिच्या शेवटी एक फलिया आहे. तिथे एक म्हातारबा मला ओळखतात. त्यांच्या ओट्यावर बसून मी कितीदा पाणी प्यायलो आहे. एका रविवारी त्यांनी विचारलं, "साब, तुम तो सड़क वाले हो, हमारी सड़क कब बनेगी?" मी थट्टेनं म्हटलं, "बा, ऐसी ही अच्छी है, गाड़ी-मोटर का झंझट नहीं." ते हसले नाहीत. मागच्या श्रावणात त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका पक्क्या रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. आपली काळी माती पावसात कशी होते ते आपल्याला माहीत आहे. माझ्या सायकलच्या चाकात भरली तर चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सुनेला चौघांनी खाटेवर घालून सात किलोमीटर आणलं. मध्ये दोन ओढे. ती वाचली. मूल वाचलं नाही.

बा हे सांगताना रागावलेले नव्हते. मीच उठून सायकलला हवा आहे की नाही ते उगाच दाबून पाहत राहिलो.

ती सकाळ मला सोडत नाही. ज्या शांततेसाठी मी पेट्रोल जाळून महूपर्यंत जातो आणि तिथून पेडल मारतो, ती शांतता तिथे का आहे? तर तिथे राहणाऱ्यांची यादीत गणती झाली नाही म्हणून. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० लोकवस्तीचा निकष धरला गेला. हजारो गावांना त्यातून रस्ते मिळाले, त्यातले काही मी स्वतः मोजले आहेत. पण फलिया विखुरलेले. मोजणीत एखादा पंचवीस घरांचा पुंजका निकषाखाली गेला की तो मागे राहतो. मागे राहिलेल्या त्या वाटेवर मग माझ्यासारखा शहरी माणूस जाड टायर घेऊन येतो आणि म्हणतो, वा, काय निवांत आहे!

गंमत अशी की पक्क्या रस्त्यांसाठी पहिली ओरड सायकलवाल्यांनीच केली होती. अमेरिकेत १८८० मध्ये सायकलस्वारांची संघटना निघाली, आणि मोटारी रस्त्यावर येण्याआधीच तिनं चांगल्या रस्त्यांची मोहीम चालवली. आता त्यांचीच पतवंडं खडीचे रस्ते शोधत फिरतात. उलट बाजूही आहे. इटलीत तोस्काना भागात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली, लेरोइका नावाची. आज जगभरातून लोक तिथे जातात. मला ते फार आवडतं. बा भेटेपर्यंत वाटायचं, आपणही इथे असं काही करावं. पण जिथे रुग्णवाहिका दुसऱ्या वाटेनं पोचते, तिथे एक खडीचा रस्ता जपणं शोभतं. बांच्या फलियाला दुसरी वाट नाही.

तेव्हा मी त्या वाटेचा प्रस्ताव तयार केला. दोन ओढ्यांवर रपटे, ३.७५ मीटर डांबर, दोन्ही बाजूंना मुरमाची साईडपट्टी. माझ्या हातानं माझ्याच आवडत्या रस्त्याचं अंदाजपत्रक. फाइल दोनदा परत आली, तिसऱ्यांदा कुठल्याशा निधीत बसली. मार्चपर्यंत अडीच किलोमीटर काळा झाला आहे, पुढचं पावसाळ्यानंतर. आणि जे व्हायचं तेही लगेच सुरू झालं. मेमधल्या एका रविवारी तिथे चार मोटारी उभ्या होत्या, गाणी लावलेली, कड्याच्या टोकावर फोटो चाललेले. वेफर्सच्या पिशव्या उचलून मी सायकलच्या झोळीत भरल्या. मनातून चिडलो होतो. मग पुढे एक फटफटी गेली, मागे बांची सून बसलेली. तिनं पदर सावरत हात केला. चिडणं राहिलं जागेवर.

मला ती वाट गेल्याचं वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटतं. खूप वाटतं. डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथे मी दर खेपेला थांबतो, आणि तो जोड दर महिन्याला पुढे सरकतो.

मंडळातल्या सात-आठ मुलांनी बरोबर यायचं म्हटलं आहे, त्यांच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात नेणार नाही. ओल्या काळ्या मातीत सायकली घातल्या की चाकोऱ्या पडतात, आणि त्या वाळल्यावर गाडीवाल्याची गाडी कलंडते. शेतातून, पडीक गवतातून शॉर्टकट नाही. आहे त्याच वाटेनं जायचं. कड्यापासून लांब. धबधब्याच्या वरच्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही, वर पाऊस पडला की पाणी किती अचानक वाढतं ते पाताळपाणीनं आपल्याला दाखवलेलं आहे. फलियातून जाताना सायकलवरून उतरून चालायचं. बांकडे पाणी मिळेल, पण चहासाठी दूधपावडर आपण न्यायची.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी सव्वापाच, मंडळाच्या फाटकाशी. हेल्मेट प्रत्येकाचं स्वतःचं. पंप कोणीतरी आणा, माझा मोडला आहे.