जाहिरातीचे पैसे आणि आपली वही

(सोलापुरात बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा आटोपशीर केलेला मजकूर.)



गटांच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याच्या जोडीने एक प्रश्न हमखास येतो. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात टाकावी का? कुणाचा तरी भाचा सांगतो, हजार रुपये टाका, हजारो लोकांना दिसेल. दुसरं कुणी म्हणतं, सगळी लूट आहे, त्या वाटेला जाऊ नका. मला वाटतं, दोघांचंही ऐकू नये. थोड्या पैशांत करून पाहावं, पण पाहण्याची रीत आपली असावी. आज त्या रीतीबद्दलच बोलायचं आहे.

उदाहरण आपल्या हातातलंच घेऊ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीची भाकरी मंद आचेवर कडक केली की पुष्कळ दिवस टिकते आणि पार्सलने दूर जाते. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला सोलापूरकर तिची वाट पाहत असतो. म्हणजे माल आहे, गिऱ्हाईक आहे, मध्ये फक्त अंतर आहे. अशा आठ-दहा जणींच्या नव्या उद्योगाला आता स्टार्टअप म्हणतात. म्हणोत बापडे. नाव बदललं म्हणून भांडवल वाढत नाही. हजार रुपये बुडाले तर ते कुणाच्या तरी पोरीच्या फीचे असतात.

आता थोडं मागे जाते. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या आईने, सासूने बिड्या वळल्या आहेत. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी वळायच्या, परत नेऊन द्यायच्या. तिथे मोजणारा वेगळा, छाट काढणारा वेगळा. किती बिड्या चांगल्या आणि किती छाट, हे ठरवणारा माणूस मालकाचा. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यात पानाचा पुरवठा, नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या तंट्यांसाठी मुद्दाम कलम घालावं लागलं, ते उगीच नाही. मोजणी ज्याच्या हातात, हिशेब त्याच्या बाजूने झुकतो, हे या शहरातल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

फेसबुकवरच्या जाहिरातीत नेमकं हेच आहे. जागा विकणारी कंपनी तीच, किती जणांनी पाहिलं हे मोजणारी तीच आणि जाहिरात यशस्वी झाली असं कळवणारीही तीच. २०१६ मध्ये फेसबुकने स्वतःच कबूल केलं, की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता. तीन सेकंदांच्या आत जे निघून गेले, त्यांना त्या हिशेबातून वगळलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांना हे कळलं नाही, मग आपल्याला कसं कळणार? कळेल. कारण आपल्याला व्हिडिओ विकायचा नाही, चटणी विकायची आहे. किती पाकिटं गेली आणि किती पैसे आले, हे आपण मोजू शकतो.

म्हणून पहिली गोष्ट, वही. ऑर्डर आली की विचारायचं, आमच्याबद्दल कुठे कळलं? आणि उत्तर लिहायचं. प्रत्येक जाहिरातीत वेगळा शब्द द्यावा. एकीत ‘हुरडा’, दुसरीत ‘जातं’. ‘हा शब्द सांगा, लाडवाचं एक पाकीट जास्त मिळेल’ असं लिहिलं की गिऱ्हाईक आपणहून सांगतं.

दुसरी गोष्ट, मजुरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. समजा, चटणीचं पाकीट १०० रुपयांना विकलं. शेंगदाणे, लसूण, मसाला, पिशवी, सगळं जाऊन ४५ राहिले. जाहिरातीला १००० भरले, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. आपल्या गटाची जीएसटी नोंदणी नसेल तर ते १८० काही परत मिळत नाहीत. ४५ ने भागा. २७ पाकिटं गेली की जाहिरातीचे पैसे सुटले, असं भाचा सांगेल. पण निवडणं, भाजणं, कुटणं, भरणं यांची मजुरी पाकिटामागे २० रुपये धरली तर हातात २५ च राहतात. मग २७ नाही, ४८ पाकिटं जावी लागतात. मधली २१ पाकिटं कुणी भरली? बायकांच्या फुकट हातांनी. घरातल्या कामाला किंमत नाही, हे आपण इतकी वर्षं ऐकत आलो आणि स्वतःच्या उद्योगाच्या वहीतही तेच उतरवतो. जाहिरात परवडली की नाही, हे मजुरी धरल्याशिवाय कळत नाही.

आता प्रत्यक्ष करून पाहण्याबद्दल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फोटो बदलायचा असेल तर मजकूर, दिवस, पैसे, गाव तेच ठेवावं. दोन जाहिराती एकाच मोहिमेत सोडल्या तर यंत्र घाईने एकीला चांगली ठरवून बहुतेक पैसे तिच्याकडेच वळवतं. दुसरीला संधीच मिळत नाही. त्यासाठी ‘ए-बी टेस्ट’ नावाची वेगळी सोय आहे, तीत लोकांचे दोन भाग पडतात आणि एकाला एकच जाहिरात दिसते. आणखी एक: यंत्राला जे मागाल तेच ते देतं. लाइक मागितले तर लाइक करणारी माणसं शोधून आणतं. ती विकत घेतीलच असं नाही. ऑर्डर हवी असेल तर व्हॉट्सॲपवर निरोप यावा, असा पर्याय निवडावा.

मी ज्या गटाबरोबर काम करते तिथे दोन फोटो होते. एकात भाकरी थापणारे हात, दुसऱ्यात नुसतं पाकीट आणि ठळक भाव. हातांच्या फोटोवर कौतुकाचा पाऊस पडला. ऑर्डरी आणल्या त्या भावाच्या फोटोने. गटातली एक मावशी म्हणाली, लोकांना आमचे हात बघायला आवडतात, पैसे मात्र पाकिटाचे देतात. मात्र हा निकाल सगळीकडे लागू पडेल असं समजू नका. आणि आकडे लहान असतील तर जपून. एकीवर सात आणि दुसरीवर नऊ ऑर्डरी आल्या तर हा फरक नव्हे, योगायोग असू शकतो. पुन्हा करून पाहावं.

सर्वांत अवघड प्रश्न पुढे आहे. जाहिरात चालू असताना आलेली ऑर्डर जाहिरातीमुळेच आली कशावरून? ईबे नावाची विक्रीची मोठी अमेरिकी कंपनी आहे. गुगलसारख्या शोधयंत्रांवर स्वतःच्या नावासाठी ती पैसे भरत असे. २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञांनी काही ठिकाणी त्या जाहिराती बंद करायला लावल्या. तेव्हा दिसलं, की बंद झालेल्या जाहिरातींवरून येणारे जवळजवळ सगळे लोक फुकटच्या वाटेने तसेच येत राहिले. आपल्याला इतका मोठा प्रयोग नको. एक आठवडा पुण्यात चालू, मुंबईत बंद. पुढच्या आठवड्यात उलट. बंद असतानाही जेवढ्या ऑर्डरी येतात, त्या आपल्या नावावर आलेल्या. फक्त हे दिवाळीच्या तोंडावर करू नये, तेव्हा दोन्हीकडून फोन येतात आणि काहीच उमगत नाही.

आमच्या गटाच्या वहीत ‘कुणीतरी सांगितलं’ हाच रकाना सगळ्यांत भरलेला निघाला. मग बायकांनी ठरवलं, जाहिरातीचे निम्मे पैसे काढून प्रत्येक पार्सलमध्ये चटणीची छोटी पुडी जास्तीची टाकायची, शेजारणीला द्या म्हणून. जाहिरात पूर्ण बंद केली नाही, सणाआधी ठेवली.

जाहिरात कुणाला दिसते, हेही पाहायला हवं. आन्या लाम्ब्रेख्ट आणि कॅथरिन टकर या दोन संशोधक बायकांनी विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांची जाहिरात फेसबुकवर १९१ देशांत दाखवून पाहिली. स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखीच ठेवली होती, तरी ती बायकांना कमी दिसली. २०१९ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे कारण असं, की तरुण बायकांपर्यंत पोचायला सगळेच जाहिरातदार धडपडतात, म्हणून त्यांच्यापर्यंत पोचणं महाग पडतं. स्वस्तात काम उरकणारं यंत्र पुरुषांकडे वळतं. त्यात आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. तेव्हा आपली जाहिरात बाईलाच दिसेल असं धरून चालू नये. चटणी खाणारा पुरुष गिऱ्हाईक म्हणून चालेलच. पण शिवणवर्गाची किंवा मदतकेंद्राची जाहिरात असेल तर बायका हा पर्याय निवडावा आणि महाग पडेल हे धरून पैसे ठेवावेत.

आणि पेज कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडलो. पेजचा, जाहिरात खात्याचा सातबाराही पाहा. भाच्याच्या मोबाईलवरून उघडलेलं, त्याच्याच बँक खात्याला जोडलेलं पेज हे त्याचं आहे, गटाचं नाही. उद्या तो रुसला किंवा नोकरीला बाहेर गेला तर गिऱ्हाईकांची सगळी ओळख त्याच्याबरोबर जाते. गटातल्या किमान दोघींकडे पूर्ण अधिकार हवा, पैसे गटाच्या खात्यातून जावेत.

नंबरचंही तसंच. जाहिरातीत एखादीचा स्वतःचा नंबर दिला की रात्री अकराला ‘जेवलीस का’ असे निरोप येतात, आणि घरात भांडण तिच्याशी होतं, पाठवणाऱ्याशी नाही. त्यावर नवऱ्याकडे फोन सोपवणं हा काही उपाय नव्हे. आमच्या गटाने वेगळं सिमकार्ड घेतलं. तो फोन कामाच्या जागीच राहतो, पाळीपाळीने दोघी उत्तरं देतात, संध्याकाळी सातनंतर बंद. घाण निरोप आला तर त्याचा फोटो काढून ठेवायचा, नंबर वहीत लिहायचा, मग ब्लॉक. पुसून टाकायचा नाही, तक्रार करायची वेळ आली तर लागतो. चेहऱ्याचा फोटो वापरायचा तर तिला आधी विचारायचं, आणि तिने नंतर नको म्हटलं तर काढायचा.

वहीचा नमुना आणला आहे, चहाच्या वेळी उतरवून घ्या. तारीख, गाव, कुठे कळलं, किती पाकिटं, आलेले पैसे. सहावा रकाना मजुरीचा आहे, तो कोरा सोडायचा नाही.