खाणकामगाराची लेक



संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी पोरांचा अभ्यास घेत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज मी तुम्हाला एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. बाई अमेरिकेतली, पण तिचं घर, तिची धुणीभांडी, तिचा संसार ऐकताना तुम्हाला ती फार परकी वाटणार नाही. तिचं नाव लोरेटा लिन.

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. लोरेटाचा जन्म मात्र केंटकी राज्याच्या डोंगरांत झाला. बुचर हॉलो नावाची एक घळ आहे, तिथे, १४ एप्रिल १९३२ रोजी. लाकडाचं लहानसं घर. वीज नाही, नळ नाही. आठ भावंडांत ती दुसरी. वडील जवळच्या व्हॅन लिअर गावच्या कोळशाच्या खाणीत कामाला जायचे आणि थोडी शेती करायचे. घरात चैनीची वस्तू एकच, बॅटरीवर चालणारा रेडिओ. शनिवारी रात्री नॅशव्हिल शहरातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरीच म्हणा ना! कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. साथीला गिटार, व्हायोलिन, बँजो आणि साध्या बोलीत सांगितलेली माणसांची गोष्ट.

१९४८ च्या जानेवारीत लोरेटाचं लग्न झालं. नवरा ऑलिव्हर लिन. सगळे त्याला डूलिटल म्हणत. तो एकवीस वर्षांचा आणि ही पंधराची. पुढे कितीतरी वर्षं ती आपलं लग्नातलं वय तेरा सांगायची. कागदपत्रं सापडली तेव्हा पंधरा निघालं. पण बायांनो, तेरा काय नि पंधरा काय, ते वय संसाराचं नव्हे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खाणीत जन्म घालवायचा नाही, म्हणून डूलिटल तिला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेला. माहेर लांब राहिलं. विशीच्या आसपास पदरात चार मुलं. घरात काम करता करता, पोरांना निजवता निजवता ती गुणगुणायची. ते नवऱ्याच्या कानावर पडायचं. १९५३ च्या सुमारास त्याने तिला एक गिटार आणून दिली, सतरा डॉलरची. शिकवायला कुणी नव्हतं. मुलं झोपली की ती बसायची आणि बोटं चालवून बघायची. अशी ती आपली आपण शिकली. मग जवळपासच्या गुत्त्यांमध्ये, क्लबांमध्ये गाऊ लागली. तिला लाज वाटायची, पण डूलिटल पाठ सोडेना.

१९६० मध्ये तिची पहिली तबकडी निघाली, ‘आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल’. कंपनी अगदी छोटी, जाहिरातीला पैसा नाही. मग नवरा-बायकोने काय केलं? गाडीत तबकड्या भरल्या आणि गावोगावची रेडिओ केंद्रं पालथी घातली. गाडीतच झोपायचं, ब्रेडवर भागवायचं. केंद्र दिसलं की आत जायचं आणि निवेदकाला म्हणायचं, माझं गाणं लावा. त्या लहान लहान केंद्रांनी ते लावलं आणि गाणं देशाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं. आपलं केंद्रही लहानच आहे, म्हणून ही हकिगत सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो!

त्याच वर्षी ज्या ‘ऑप्री’चा कार्यक्रम ती लहानपणी ऐकायची, त्याच मंचावर ती उभी राहिली. नॅशव्हिलमध्ये तिला मैत्रीण भेटली, पॅट्सी क्लाइन. १९६१ मध्ये ही मोठी गायिका मोटार अपघातात जखमी होऊन इस्पितळात पडली होती. लोरेटाने रेडिओवरून तिच्यासाठी तिचंच गाणं गायलं. ते ऐकून पॅट्सीने तिला बोलावून घेतलं. कपडे कसे करायचे, पैशाचं कसं बोलायचं, हे तिने धाकट्या बहिणीसारखं शिकवलं. १९६३ मध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या. त्यातल्या एकीचं नाव तिने पॅट्सी ठेवलं.

आता मुख्य मुद्दा. ही बाई गात काय होती? त्या काळातली बायकांची गाणी बहुतेक रडण्याची. नवरा गेला, आता मी काय करू? लोरेटा दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच सुनावू लागली. १९६६ चं हे गाणं, आणि तिचं पहिलं गाणं जे यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. घटस्फोट घेतलेल्या बाईकडे लोक कशा नजरेने बघतात, तेही तिने गाण्यातून सांगितलं. कार्यक्रमानंतर बायका तिला येऊन भेटत, आपली दुःखं सांगत. त्यातून तिची गाणी होत.

सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो ‘द पिल’ या गाण्यावरून. संततिनियमनाच्या गोळीबद्दलचं हे गाणं. वर्षानुवर्षं बाळंतपणं काढून थकलेली बाई नवऱ्याला ठणकावते, आता माझ्या शरीराचं मी ठरवणार. १९७२ मध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं कंपनीने १९७५ पर्यंत दाबून ठेवलं. बाहेर आलं तेव्हा कितीतरी रेडिओ केंद्रांनी लावायला नकार दिला. तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. आडगावातल्या डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं, की पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने झालं, असं तिने पुढे सांगितलं होतं.

आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर सासुरवास गायला. माहेरची ओढ गायली, जाच गायला. पण जातं थांबलं की ओवी थांबायची आणि ती कुणी रचली हे कुणी विचारायचं नाही. लोरेटाने तेच चार भिंतींतलं बोलणं स्वतःच्या नावावर, मायक्रोफोनसमोर आणलं.

१९७० मध्ये तिचं आपल्या बालपणावरचं ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं आलं. खाणकामगाराची लेक. एवढी कडवी लिहिली होती, की काही कापावी लागली! १९७६ मध्ये त्याच नावाचं आत्मचरित्र आलं, १९८० मध्ये चित्रपट. तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. त्याआधीच, १९७२ मध्ये, कंट्री संगीत संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा मान लोरेटाला मिळाला होता. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पण वडिलांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते १९५९ मध्येच गेले, पहिली तबकडी निघायच्या आधी.

आता डूलिटलचं सांगते, कारण तुमच्या मनात तो प्रश्न आला असेल. गिटार आणून देणारा हाच नवरा दारू प्यायचा, बाहेर भानगडी करायचा, हातही उचलायचा. लोरेटाने हे लपवलं नाही. मी दुप्पट परत द्यायचे, असं ती म्हणायची. आणि त्याने ढकललं नसतं तर मी गायिका झाले नसते, हेही तीच सांगायची. त्याच्या शेवटच्या आजारपणात तिने कार्यक्रम कमी केले, त्याची सेवा केली. १९९६ मध्ये तो गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार झाला.

मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्यात. त्याने दिलेल्या गिटारीने त्याचा मार माफ होत नाही. तिने सोसलं म्हणून तुम्ही सोसावं, असं तर मुळीच नाही. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. ‘तो तसा चांगला आहे हो’ असं म्हणणारी शेजारीण तुमच्या ओळखीची असेल, तर हा नंबर तिला द्या. तिचं म्हणणं खोटं आहे असं न म्हणता द्या.

लोरेटा थकली नाही. १९८४ मध्ये तिचा मोठा मुलगा नदीत बुडाला, ते दुःखही तिने पचवलं. सत्तरी ओलांडल्यावर, २००४ मध्ये, ‘व्हॅन लिअर रोझ’ हा गाण्यांचा संग्रह काढला, त्याला दोन ग्रॅमी मिळाले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, टेनेसी राज्यातल्या हरिकेन मिल्स इथल्या राहत्या घरी ती झोपेतच गेली.

शाळा फारशी नाही, गुरू नाही, पदरात चार लेकरं. तिच्याजवळ होतं ते रोजचं जगणं आणि ते बोलायची हिंमत. जगणं तर तुमच्याजवळही आहे. आमच्या केंद्राचा मायक्रोफोन तुमचाच आहे. ओवी येत असेल, स्वतः रचलेलं गाणं असेल, नुसतं सांगण्यासारखं काही असेल, तर या. आणि गाणं कुणाचं आहे, हे नाव घेऊन सांगा.